खारेपाटचा गोलकीपर

हरेश्वर म्हात्रे. ज्यांच्यामुळे मी चार ओळी नीट लिहायला शिकलो आणि आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर झालो, त्यांचं हे नाव. आई-वडिलांचे उपकार तर आहेतच, पण ते सगळ्यांवर असतात. हरेश्वरदादा माझे कोणी लागत नव्हते. ते मूळचे धरमतरच्या खाडीकाठचे, खारेपाटातले, नोकरीला धाटावच्या एका केमिकल कंपनीत बॉयलरवर आणि राहायला रोह्यात. मी पेणचा, गणपतीच्या कारखान्यात साचे भरणाऱ्याचा मुलगा. आम्हा दोघांच्या मध्ये एसटीचा रस्ता होता आणि फुटबॉलची एक लीग होती, जी कुठल्याच मैदानावर खेळली जात नव्हती.

त्या लीगमधून त्यांच्या मेलेल्या भावाला मी बाहेर काढलं. नियमाप्रमाणे काढलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं लिहिताना हात अडणार नाही.

गेल्या महिन्यात रोह्याला गेलो होतो. दादा जाऊन वर्ष होत आलं, आणि मी वहिनींना तोंड दाखवलं नव्हतं. त्यांनी चहा केला, मुलांची चौकशी केली, मग कपाटाच्या वरच्या फळीवरून एक जाड फाइल काढून माझ्यापुढे ठेवली. नाडी बांधलेली, पुठ्ठ्याची, कंपनीतली.

"तुमचा खेळ हाय सगळा त्यात," त्या म्हणाल्या. "पोरं रद्दीत टाकत होती. मी म्हटलं, ऱ्हाऊ दे, पेणचा येईल कधीतरी."

नाडी सोडली तसा वास आला. डांबराच्या गोळ्या, ओल धरलेला कागद आणि त्याखाली कुठेतरी जळक्या रबरासारखा एक अगदी बारीक वास. धाटावच्या बसमध्ये बसलं की कंपनीवाल्यांच्या कपड्यांना यायचा तो. दादांच्या कपड्यांनाही यायचा.

पेणला स्टँडमागच्या गल्लीत, पिठाच्या गिरणीच्या वर शेट्ये सरांचा कॉम्प्युटर क्लास होता. नव्वदच्या दशकाची शेवटची दोन-तीन वर्षं मी तिथे काढली. जिना चढताना गरम पिठाचा वास अंगावर यायचा आणि दार उघडलं की एकदम गार, बंद खोलीचा, जाजमाचा आणि पायमोज्यांचा. चपला बाहेर काढायच्या. आत देवळात बोलावं तसं हळू बोलायचं. चारही कॉम्प्युटरना प्लॅस्टिकची झबली होती, आणि दसऱ्याला सर प्रत्येकाला झेंडूचा हार घालून कुंकू लावायचे. ते कुंकू पुढे कितीतरी दिवस मॉनिटरच्या कपाळावर राहायचं.

त्यातल्या एकालाच फोनची वायर होती. ती जोडली की मोडेम आधी नंबर फिरवायचा, मग घसा खाकरायचा, मग किंचाळायचा आणि मग गप्प व्हायचा. त्या गप्प होण्याकडे आमचे कान लागलेले असायचे. गप्प झाला की सर म्हणायचे, "लागला रोहा." खरं तर मुंबई लागायची. पण आमच्या मते वायरीच्या दुसऱ्या टोकाला रोहाच होता, आणि तिथे तशाच एका क्लासमध्ये, पहिली शिफ्ट संपवून आलेले हरेश्वरदादा बसलेले होते.

मला त्या क्लासपर्यंत आणलं त्यांनीच. ते घरच्या गणपतीचा पाट द्यायला दरवर्षी आमच्या कारखान्यात यायचे. मूर्ती सांगून झाली तरी बसायचे. साच्यातून निघालेल्या ओल्या मूर्तींच्या रांगेत, पांढऱ्या मातीच्या वासात, बाबांशी गप्पा मारायचे. मी बारावी पास झालो त्या वर्षी त्यांनी बाबांना विचारलं, "पोरगा पुढं काय करतो?"

बाबा म्हणाले, "काय करणार? माती हाय की."

"माती कुठं पळून जात नाय," दादा म्हणाले. "आधी कॉलेज करू दे." कॉलेजचा फॉर्म त्यांनीच माझ्यासमोर बसून भरून घेतला. शेट्ये सरांशी बोलून संध्याकाळची बॅचही मिळवून दिली. आणि एका रविवारी मला लीगमध्ये घेतलं.

लीग अशी होती. सहा गावांचे किंवा आळ्यांचे सहा संघ. प्रत्येक खेळाडूला वीसपैकी काही गुण. शनिवारी संध्याकाळी सहाच्या आत ज्यानं त्यानं आपले अकरा खेळाडू ई-मेलनं रोह्याला कळवायचे. रविवारी दादा ते आकडे आपल्या प्रोग्राममध्ये भरायचे. हा प्रोग्राम त्यांनी स्वतः लिहिला होता, बॉयलरजवळ बसून, कंपनीच्या लॉगशीटच्या पाठकोऱ्या बाजूंवर. एंटर दाबलं की कॉम्प्युटर फासे टाकावेत तसे आकडे टाकायचा आणि सामना व्हायचा. सोमवारी निकाल पेणला उतरायचा. शेट्ये सर प्रिंटर चालू करायचे. चर्र... चर्र... कडेला भोकं असलेला कागद ओळ ओळ वर सरकायचा आणि त्यावर रोमन अक्षरांत आमचं मराठी: सतराव्या मिनिटाला अमक्यानं पास दिला, एकविसाव्याला तमक्यानं मारला, आणि मग, फार वेळा, 'बाळारामने अडवला'.

लीगचा पहिला नियम दादांचा होता, आणि तसा नियम जगात दुसऱ्या कुठल्या लीगमध्ये असेल असं मला वाटत नाही. ज्याच्या घरचं पाणी प्यालात त्याचंच नाव खेळाडूला द्यायचं. वर्ल्ड कपच्या दिवसांत सगळ्यांना टीव्हीवरची नावं घ्यायची होती. दादा ऐकेनात. "टीव्हीवरच्याला गोल झाला तं तुला काय? ओळखीच्याला झाला की जीव जळतो. मग खेळात मजा हाय."

म्हणून माझ्या कुंभार आळी संघात सगळा आमचा कारखाना उतरला होता. कप्तान जनार्दनकाका. ते मूर्तींचे डोळे आखायचे, श्वास रोखून, एका दमात. त्यांना मी वीसपैकी अठरा गुण दिले होते आणि वय लिहिलं होतं सत्तावीस. प्रत्यक्षात ते साठीला आलेले. रोह्याजवळच्या अष्टमी गावचा नझीरभाई कॅसेटचं दुकान चालवायचा. त्याच्या संघात सात मामा होते. धाटावच्या शिफ्टवाल्यांचा संघ रमाकांत बघायचा. त्यांची नावं दर हंगामात बदलायची, कारण ज्याच्याशी भांडण व्हायचं त्याला ते बसवायचे. शेट्ये सरांचा संघ पेण स्टँड. नागोठण्याचा संघ एका गुरुजींचा. आणि दादांचा खारेपाट.

खारेपाटच्या गोलमध्ये बाळाराम होता. गुण एकोणीस. वय बावीस.

संघाबरोबर प्रत्येकानं आपलं मत कळवावं, अशीही रीत होती. नियमांबद्दल, डावपेचांबद्दल, कशाहीबद्दल. बाकीचे एक-दोन ओळी टाकायचे. मी पानं भरायचो. माझं पहिलं मत एसटीच्या नियमावर होतं. शुक्रवार-शनिवार कधी वीज नसायची, कधी फोन मेलेला असायचा. तेव्हा संघाची चिठ्ठी रोहा गाडीच्या कंडक्टरच्या हाती द्यायची आणि गाडी सुटल्याची वेळ धरायची, असा नियम होता. कंडक्टर डोळे मिचकावून विचारायचा, "काय रे, कुणाची चिठ्ठी? रोह्यात सोयरीक जमवतोस व्हय?" मी लिहिलं होतं की हा नियम चुकीचा आहे, बंद करावा. दादांचं उत्तर एका शब्दाचं आलं. 'कारण?'

पुढच्या रविवारी मी रोह्याला गेलो, तेव्हा ते म्हणाले, "मत चांगलं हाय तुझं. पण कारण कुठाय? कारण नसलं तं ते मत नाय, ती नुसती ओरड."

आठवडाभर मी कारण शोधत होतो. सापडलं ते असं: गाडी पेणहून सुटून मग नागोठण्याला पोचते, म्हणजे तिथल्या गुरुजींना चिठ्ठी द्यायला पेणपेक्षा जास्त वेळ मिळतो, मग पेणहून सुटल्याची वेळ सगळ्यांना सारखी कशी? दादांनी ते वाचलं आणि नियम बदलला. क्लासच्या फळ्यावर खडूनं लिहिलं गेलं, 'कुंभार आळीच्या सूचनेवरून'. तोवर माझं म्हणणं कुठे कोणी लिहून ठेवलं नव्हतं.

मग मला चटक लागली. खारेपाटच्या भरतीच्या नियमावर मी तीन पानं लिहिली. दादा पंचांग बघून, सामन्याच्या वेळी खाडीला भरती असली तर खारेपाटला घरच्या मैदानावर एक गुण जास्त द्यायचे. त्यांचं म्हणणं, "बाहेरच्याचे पाय रुततात आमच्या चिखलात." मी लिहिलं, मैदान कागदावरचं आहे, कागदाला भरती येत नाही. नझीरभाई ते वाचून इतका हसला की रोह्याच्या क्लासमधल्या सरांनी त्याला बाहेर काढलं. दादांनी तो नियमही रद्द केला. मला म्हणाले, "वकील झालास तू." तेव्हापासून सगळे मला वकील म्हणायला लागले.

ते दिवस आठवले की मला ऋतू आठवतात ते लीगच्या हिशेबानं. पहिला हंगाम गणपतीच्या आधी संपायचा, कारण श्रावणात कारखान्यात पाय ठेवायला जागा नसायची. रंगाच्या फवाऱ्यानं माझ्या नखांत सोनेरी राहायचं आणि कीबोर्डच्या कळांना लागायचं. शेट्ये सर ओरडायचे, "अरे, गणपती झाला माझा कीबोर्ड!" दुसरा हंगाम दिवाळीनंतर सुरू व्हायचा. खिडकीतून भातगिरणीचा तुसाचा धूर यायचा आणि गल्लीत गच्च्यांवर पापड वाळत असायचे. त्या धुरात, मोडेमच्या किंचाळण्यात मी बी.ए.ची तिन्ही वर्षं केली. पेपरात 'तुमचे मत सकारण मांडा' असा प्रश्न आला की मला दादांचा एका शब्दाचा ई-मेल दिसायचा. त्याच प्रश्नांत मला मार्क मिळाले, बाकी सगळीकडे मी काठावर होतो.

आणि मी हरत होतो. खारेपाटशी सलग पाच सामने, एक-शून्य, एक-शून्य. जनार्दनकाका मारायचे, बाळाराम अडवायचा. नझीरभाईनं एकदा विचारलं, "दादा, तुमचा बाळाराम खातो तरी काय?"

"निवटीचं कालवण," दादा म्हणाले. "चिखलातली मासळी. तुमचे मामा खातात मटण, त्यांच्यानं पळवत नाय."

तेव्हा त्यांचा चेहरा खुललेला असायचा. मला ते दिसत होतं. मला एवढंच वाटायचं की हा माणूस जिंकतोय म्हणून खूश आहे.

शेवटच्या हंगामाआधी मी ते मत लिहिलं. चार पानं. मथळा दिला होता, 'वय न वाढणारा गोलकीपर'. मुद्दा असा की खेळाडू खऱ्या माणसांच्या नावाचे आहेत, तर वयही खरं धरलं पाहिजे. पस्तिशीच्या वरच्याला खेळता येणार नाही. वयासाठी पुरावा हवा: शाळा सोडल्याचा दाखला किंवा रेशनकार्ड. खारेपाटचा बाळाराम पाच हंगाम बावीसच वर्षांचा कसा, असा सवाल मी केला होता. लीगच्या प्रमुखाचाच संघ असल्यामुळे त्याला कोणी विचारत नाही, असंही लिहिलं होतं. आणि माझी निष्पक्षता दिसावी म्हणून शेवटी, 'यासाठी मी माझा कप्तानही सोडायला तयार आहे.'

दाखला हा शब्द मला सहज सुचला. माझं सगळं आयुष्य तोवर दाखल्यांवर चाललं होतं. उत्पन्नाचा, रहिवासाचा, जातीचा, शाळा सोडल्याचा. दाखला दाखवला की माणूस खरा, एवढंच मी शिकलो होतो.

जनार्दनकाकांना सांगितलं तेव्हा ते एका मूर्तीच्या भुवया काढत होते. ब्रश न हलवता म्हणाले, "म्हातारा झालो म्हणून काढलंस व्हय रे मला? बरं झालं. गुडघे दुखायला लागले होते." आणि आम्ही दोघंही हसलो.

वर्षातून एकदा, थंडीत, सगळे संघवाले पोपटीला, मडक्यात शेंगा भाजून खायला, जमायचे. त्या वर्षी ती दादांच्या गावी होती, खाडीच्या बांधावर. दिवस कलायला लागलेला. मिठागराच्या चौकोनांत आकाश तुकड्या-तुकड्यांनी पडलेलं. लांब धरमतरच्या जेटीकडून बार्जचा भोंगा यायचा आणि पाण्यावरून बराच वेळ चालत राहायचा. आम्ही मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घातला, वालाच्या शेंगा, मीठ-ओवा, वर पुन्हा पाला, आणि मडकं पालथं घालून भोवती पेंढा पेटवला. तो कडवट, हिरवा, जळका वास अजून कुठे आला तर मी वाट बदलतो.

दादांची आई घराच्या ओट्यावर बसली होती. मी पाया पडलो तशी म्हणाली, "तू कुंभारआळीचा ना? आमच्या बाळारामला तुझा गोल कधी झाला नाय हो." आणि तोंडाला पदर लावून हसली. मीही हसलो. मला वाटलं, बाळाराम कामावर गेला असेल.

सभा सुरू झाली. नागोठण्याचे गुरुजी आले नव्हते. मी माझं मत उभं राहून वाचलं. रमाकांत म्हणाला, "वकीलसाहेब, खेळ हाय का पोलीस भरती?" नझीरभाई म्हणाला, "माझ्या मामांचे दाखले कुठून आणू? शाळेनं त्यांना पाहिलेलंच नाही." हशा झाला. दादा हसले नाहीत. त्यांनी शर्टाच्या खिशातून चौघडी घातलेला एक कागद काढला आणि माझ्याकडे दिला.

"तू मागितलास ना. बघ."

कागद घडीवर फाटायला आला होता. मी मोठ्यानं वाचलं. 'बाळाराम मोरेश्वर म्हात्रे. इयत्ता सातवी. वर्तणूक चांगली.' जन्माचं साल वाचलं, तिथल्या तिथे तोंडी वजाबाकी केली आणि म्हणालो, "बेचाळीस."

"बेचाळीस व्हय?" दादा म्हणाले. जाळाकडे बघत होते. त्यात पेंढा सारत म्हणाले, "एवढा मोठा झाला."

मत घेतलं. मी आणि शेट्ये सर नियमाच्या बाजूनं, नझीरभाई आणि रमाकांत विरुद्ध. दोन-दोन. बरोबरी झाली तर प्रमुखानं मत द्यायचं, असा नियम होता. तोही माझ्याच सूचनेवरून झालेला.

दादांनी मडक्यावर पाण्याचा शिपका मारला. चर्रकन वाफ झाली, म्हणजे शेंगा शिजल्या. ते उठत म्हणाले, "वकिलाचं कारण बरोबर हाय. नियम पास. चला, गरम हाय तोवर खा."

सगळे शेंगांवर तुटून पडले. माझी पाठ थोपटली गेली. हात धुवायला मी घरामागे गेलो. वहिनी तांब्यानं पाणी घालत होत्या. म्हणाल्या, "भावजींचं नाव काढलं ना आज?"

"कोणाचं?"

"बाळारामभावजींचं."

मी म्हणालो, "नियमाप्रमाणे वय बसत नव्हतं."

त्यांनी तांब्या खाली ठेवला. "वय कसं बसंल? बाविसाव्या वर्षी बार्जवरून गेले ते. जेटीवरून दोर टाकला की वरच्या वर झेलायचे, एवढे लांब हात. त्या दिवशी नाय झेलला." मग त्या सांगत गेल्या, कोणाला तरी सांगायचंच होतं असं. रविवारी निकाल लागला की दादा पहिली एसटी धरून इथे यायचे. आईपाशी बसायचे. आज बाळारामनं तीन अडवले, आज चार अडवले. म्हातारी म्हणायची, अडवणारच, हात बघितलेस ना त्याचे. "तिला का कळत नव्हतं? सगळं कळत होतं. पण रविवारी त्या दोघांची भाकरी जास्त जायची."

माझ्या हातांवरून पाणी निथळत होतं.

सूचना मांडणाऱ्याला ती हंगामाच्या पहिल्या सामन्यापर्यंत मागे घेता येत होती. माझ्याकडे पंधरा दिवस होते. एक ओळ लिहायची होती. त्या पंधरा दिवसांत मी दोनदा मोडेमच्या कॉम्प्युटरसमोर बसलो. दोन्ही वेळा फळ्याकडे नजर गेली. 'कुंभार आळीच्या सूचनेवरून वयाचा नियम लागू'. माझ्या संघाचा विजय तिथे खडूनं लिहिलेला होता, आणि तो स्वतःच्या हातानं पुसायचा होता. दुसऱ्या वेळी मोडेम लागलासुद्धा. लागून गप्प झाला. मी संघ पाठवला आणि उठलो.

पहिल्या सामन्याला खारेपाटची यादी आली. गोलकीपरच्या जागी माझं नाव होतं.

मी रोह्याला गेलो. दादा दुसऱ्या शिफ्टला निघायच्या घाईत होते, हातात डबा. मी म्हणालो, "दादा, माझं नाव कसं?"

"का? तुझ्या घरचं पाणी प्यालोय मी. वय बसतंय, वीस. दाखला मीच बघितलाय तुझा, फॉर्म भरताना." आणि बसच्या पायरीवर चढता चढता म्हणाले, "आईला सांगितलंय, आता पेणच्या पोराला उभा केलाय. नीट अडव."

त्यांनी मला गुण किती दिले होते? एकोणीस. बाळारामचेच. पण फाशांना काय कळतं. पहिल्याच सामन्यात माझ्याच कुंभार आळीनं मला पाच गोल मारले. सोमवारी प्रिंटरमधून तो कागद चर्र चर्र करत वर येत होता आणि शेट्ये सर प्रत्येक ओळीला हसत होते. त्या रविवारी दादांनी आईला काय सांगितलं असेल, हे मी कधी विचारलं नाही. पुढचे सामनेही झाले. काही मी अडवले, काही नाही. उन्हाळ्यात माझा निकाल लागला आणि मला ठाण्याला नोकरी लागली.

फाइलच्या तळाशी मला शेवटचा कागद सापडला. खारेपाटची पुढच्या हंगामाची यादी, दादांच्या अक्षरात. दहा नावं. गोलकीपरची जागा कोरी. अकरा पूर्ण नसले तर प्रोग्राम सामना घेत नसे, म्हणजे तो हंगाम झालाच नसणार. यादीच्या पाठीमागे टाचणीनं लावलेलं माझं पत्र होतं. ठाण्याहून मी त्यांना पाठवलेलं ते एकच पत्र. पुढे भेटी झाल्या, लग्नाला ते आले, फोनवर बोललो, पण पत्र पुन्हा लिहिलं नाही. काय लिहायचं होतं ते तेव्हाही मला माहीत होतं. लिहायला बसलो तेव्हा तेच लिहायला बसलो होतो. लिहिलं ते हे.

तीर्थस्वरूप हरेश्वरदादांस,

सा. न. वि. वि.

मी इथे सुखरूप आहे. ऑफिस स्टेशनपासून चालत वीस मिनिटांवर आहे. आम्ही तिघे मिळून एक खोली घेतली आहे. जेवणाची सोय बरी आहे, पण मासे गोड्या पाण्याचे मिळतात.

इंटरव्ह्यूमध्ये साहेबांनी मला एका विषयावर मत विचारले. मी मत सांगितले आणि तीन कारणे दिली. साहेब म्हणाले, तुम्हाला कोणी शिकवले. मी आपले नाव सांगितले. त्यांनी विचारले, प्राध्यापक आहेत का. मी हो म्हणालो. खोटे बोललो, त्याबद्दल क्षमा असावी. आपण फॉर्म भरला नसता तर मी आज कारखान्यात असतो. हे उपकार मी विसरणार नाही.

बाबांची तब्येत ठीक आहे. यंदा आपला पाट जनार्दनकाकांनी स्वतःकडे ठेवून घेतला आहे, डोळे तेच आखणार आहेत. वहिनींना व आईंना माझा नमस्कार सांगावा. नझीरभाई व रमाकांत यांनाही.

आणखी एक. मी आता गावात राहत नाही व माझे येणे फारसे होणार नाही. जो गावात नाही त्याचे नाव संघात ठेवणे योग्य नाही असे माझे मत आहे. कारण, त्याला गोल झाला किंवा त्याने अडवला तरी सांगायला कोणी जवळ नसते. तरी खारेपाटच्या गोलमधून माझे नाव कमी करावे, ही विनंती.

कळावे, लोभ असावा.

आपला,
वकील